अकरा पिवळ्या चिठ्ठ्या

१

नारायण साकुरीकर सरांच्या बंगल्यात चोरी झाली ती मंगळवारी सकाळी, साडेसात ते सव्वाआठच्या मधे. कुलूप शाबूत, कपाट बंद, देवघरातलं चांदीचं निरांजनसुद्धा जागच्या जागी. कॉम्प्युटर टेबलावर ऐटीत बसलेला. गेल्या होत्या फक्त अकरा चिठ्ठ्या.

"कागदाच्या का?" कारभारीनं फोनवर विचारलं.

"कागदाच्या असत्या तर रद्दीवाल्याला धरलं असतं. कॉम्प्युटरमधल्या हो. स्क्रीनवर पिवळे चौकोन चिकटवतात ना, तसल्या. काल संध्याकाळी रविराजकडून नवी विंडोज टाकून घेतली. आज दूध घेऊन आलो, बघतो तर पाटी कोरी."

"मग सर, ती चोरी न्हाई. त्याला अपग्रेड म्हणत्यात," कारभारी खिदळला.

पलीकडून हसू आलं नाही. "माझ्या बायकोच्या होत्या, कारभारी. तिला जाऊन या दिवाळीत दोन वर्षं होतील."

कारभारीनं तोंडातली बडीशेप गिळली आणि स्कूटरची चावी उचलली.

कारभारी गर्जे म्हणजे सावेडीतला नंबर एकचा खोडकर. वय पन्नास, पण ते फक्त आधार कार्डावर. प्रोफेसर कॉलनीच्या मागं त्याचा गाळा. जुने कॉम्प्युटर घ्यायचे, दुरुस्त करायचे, विकायचे. एका पतसंस्थेच्या मॅनेजरचा कॉम्प्युटर दुरुस्त करून दिला, तो चालू केला की शेळी ओरडायची. आठ दिवस सगळी पतसंस्था टेबलाखाली शेळी शोधत होती. जन्मभर दुसऱ्याच्या खोड्या काढलेल्या माणसाला खोडीचा वास लांबून येतो, म्हणून हरवलं-सापडलं असलं की कॉलनीतले लोक पोलिसांच्या आधी कारभारीला फोन करायचे. काम झालं की मात्र कुणी थांबायचं नाही. बायको सहा वर्षांपूर्वी माहेरी गेली ती तिकडचीच झाली. तिला ती शेळीसुद्धा सहन झाली नव्हती. कारभारीची उलट खोडी काढावी इतकं जवळचं गावात कुणी उरलं नव्हतं.

२

सरांनी दार उघडलं ते भिंतीला धरून. डावा पाय ओढत होते.

"पायाला काय झालं?"

"या संक्रांतीला जिन्यावरून घसरलो. गुडघा तेव्हापासून बोलतो. घरात बोलणारं तेवढंच आता."

राहात्याला पस्तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस. बायको निवेदिताबाई त्याच शाळेत मराठीच्या. निवृत्तीनंतर सावेडीत बंगला बांधला, चार खोल्या. त्यातल्या तीन आता बंदच असाव्यात, कडीवर धूळ होती.

कारभारी कॉम्प्युटरपुढं उकिडवा बसला. कॅबिनेटवर कुंकवाची रेघ होती. बाजूचा पत्रा मागच्या पत्र्याला जिथं भिडतो, बरोब्बर त्या फटीवर बोटानं ओढलेली.

"दसऱ्याची का?"

"तर काय. आपल्याकडे ना तलवार ना नांगर, शस्त्र म्हणाल तर हेच. तेही नुसतं कुंकू. देवघरातली हळद संपलेली, आणि स्वयंपाकघरात ती कुठे असते मला काय ठाऊक! स्वयंपाकाच्या कडूबाई दसऱ्याला गावी गेल्या होत्या."

कारभारी रेघेकडं बघत राहिला. सलग होती. खोकं उघडलं असतं तर रेघ मधोमध तुटली असती. म्हणजे दसऱ्यापासून आतली डिस्क कुणी काढली नव्हती की बदलली नव्हती. फोटो, फाइली, जुनी पत्रं, सगळं जागेवर. म्हणजे रविराजनं जुन्यावरच नवी सिस्टीम चढवली होती, आणि तशी चढवली की माणसाचं सामान जात नाही. विंडोजनं काही गिळलं नव्हतं. कुणाच्या तरी बोटांनी चिठ्ठ्या पुसल्या होत्या.

बोटांवरून त्यानं कीबोर्ड पाहिला. मराठी अक्षरांचे स्टिकर लावलेले, निम्मे झिजलेले. पाच-सहा बटणांवर पिवळट झाक, उजव्या कोपऱ्यातल्या एका बटणावर तर चांगलीच ताजी. दसऱ्याला सरांनी देवासारखं लेपून काढलंय, असं म्हणून त्यानं ते सोडून दिलं.

"चिठ्ठ्यांत काय लिवलं हुतं, आठवतंय?"

सरांनी डोळे मिटले आणि पाढे म्हणावेत तसे म्हणत गेले. "विजेचं बिल पंधराच्या आत. भाजीत मीठ वरून घेऊ नका. गच्चीचं दार लावलं का. कढी गार पिऊ नका. शौनकला रविवारी फोन. जेवलात का. गुडघ्याला तेल लावा. मोटर बंद करा..." शेवटच्याला ते अडखळले. "दिवा लावा. अंधारात बसू नका."

मग डोळे उघडून म्हणाले, "रविवारी मुलगा येतोय, शौनक. बंगळुरूला चला म्हणून दीड वर्ष मागे लागलाय. मी नाही म्हणत होतो. सकाळी हे यंत्र लावलं की घरात कुणीतरी बोलायचं हो. आता काय, भिंती. रविवारपर्यंत चिठ्ठ्या सापडल्या तर राहतो. नाहीतर कुलूप."

कारभारी निघाला. चौकात सिग्नलला स्कूटर थांबवली आणि एकदम त्याच्या टाळक्यात घंटी वाजली. मागून रिक्षावाला हॉर्न मारतोय, ह्याचं लक्ष नाही.

निवेदिताबाई गेल्या दोन वर्षांपूर्वी. सरांचा गुडघा मोडला या संक्रांतीला.

मग गुडघ्याला तेल लावा म्हणून सांगितलं कुणी?

३

रविराजचं दुकान प्रेमदान चौकात, काचेचं. तो कारभारीच्याच हाताखाली शिकलेला, पण आता दुकानात एसी असल्यानं थोडा ताठला होता.

"कारभारीभाऊ, मला चोर म्हणायला पाठवलं का सरांनी?"

"तू चोर न्हाईस. तुझ्या बाजूनं कुंकवानं साक्ष दिलीय. सोमवारी काय झालं तेवढं सांग."

रविराज जरा सैल झाला. "काय होणार? जुन्या विंडोजचा आधार कंपनी बंद करतीय म्हणून शौनकदादानं सांगितलं होतं टाकायला. टाकली. अकराच्या अकरा चिठ्ठ्या सरांना मोजून दाखवल्या. जुन्यात त्या नुसत्या पडद्यावर चिकटलेल्या असायच्या. नव्यात त्यांची यादी उघडते, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर तारीख दिसते. मी म्हटलं, सर, उद्या चष्मा घालून बसा, बाईंनी कुठली चिठ्ठी कधी लिहिली ते दाखवतो. लई खूश झाले."

"हे तू बोललास तवा खोलीत कोन कोन हुतं?"

"सर. मी. शौनकदादा फोनवर, स्पीकर चालू होता. आणि कडूबाई, चहाचा ट्रे घेऊन उभी. का हो?"

कारभारीनं कपाटाकडं बघितलं. "आधीचं सगळं कॉपी करून ठेवलंस ना? का एसीत इसरलास?"

रविराजनं कपाटातून छोटी डिस्क काढून आदळली. "तुम्हीच शिकवलंय. आधी कॉपी, मग हात."

गाळ्यावर येऊन कारभारीनं शटर अर्धं ओढलं आणि ती डिस्क आपल्या कॉम्प्युटरला लावली. यादी उघडली. अकरा पिवळे चौकोन, अकरा तारखा. चार चिठ्ठ्या बाई असतानाच्या. बिल, गच्ची, शौनक, मोटर. उरलेल्या सात बाई गेल्यानंतरच्या. पहिली बाईंच्या तेराव्यानंतर चौथ्या दिवशीची, शेवटची दसऱ्याच्या आधल्या आठवड्यातली. "दिवा लावा. अंधारात बसू नका."

म्हणजे कुणीतरी दोन वर्षं एका मेलेल्या बाईच्या नावानं चिठ्ठ्या लिहीत होतं. आणि नव्या सिस्टीमीत तारखा दिसणार हे कळल्यावर बारा तासांत पुरावा पुसून मोकळं झालं होतं.

कारभारी ती शेवटची ओळ बघत बसला. संध्याकाळ झाली होती, गाळ्यात काळोख साचला होता. थोड्या वेळानं तो गुपचूप उठला आणि त्यानं दिवा लावला.

४

आधी शौनक. फोनवर गडी घाईत होता.

"कसल्या चिठ्ठ्या? हां, आईच्या. हो, चार-पाच असतील."

"अकरा हुत्या. दादा, तुमी तिकडून लांबून सरांचा कॉम्प्युटर चालवता म्हनं?"

"बाबांनी स्क्रीनवरचा आकडा वाचून दाखवला तरच मला आत शिरता येतं. ते आकडा उलटा वाचतात. तीन महिने झाले, मी नादच सोडलाय."

"बरं. सरांचं मीठ जरा जास्तच हाय, न्हाई?"

"मीठ?" शौनक थांबला. "बाबा मीठ जास्त खातात?"

कारभारीनं फोन ठेवला. ज्याला बापाचं मीठ माहीत नाही, तो मिठाची चिठ्ठी काय लिहिणार! एक नाव कटलं.

उरली कडूबाई. शुक्रवारी सकाळी तो मुद्दाम सर दूध आणायला गेल्यावर गेला. कडूबाई ओट्यापाशी भाजी परतत होती. पन्नाशीची, काटक, डोक्यावरचा पदर कानामागं खोचलेला.

"अक्का, कुठलं गाव?"

"बोधेगावकडचं."

"आरं तिच्या! आमी बी शेवगावचंच. मग ऊसतोड?"

"दुसरं काय पिकतंय तिकडं? दिवाळी झाली की गाडीत बसायचं. शाळंचं दार मागच्या मागं लागायचं ते लागायचंच."

"म्हंजी वाचता येत न्हाई?"

"न्हाई बा," ती कढईतच बघत म्हणाली. "मी आडानी. पगारालाबी अंगठा लावती. त्या चिठ्ठ्या का फिठ्ठ्या, मला काय कळतंय?"

बोलता बोलता तिनं सरांच्या गोळ्यांचा डबा पुढं ओढला. डब्यात सारख्याच चंदेरी रंगाच्या चार पट्ट्या. तिनं दोन उलट्या करून पाहिल्या, तिसरी उचलली, एक गोळी वाटीत टाकली. मग फोडणीच्या डब्यात बोटं घातली आणि भाजीवर चिमूट सोडली.

कारभारी तिच्या बोटांकडं बघत राहिला. नखांपर्यंत पिवळी.

हळद.

दसऱ्याला सरांना हळद सापडली नव्हती. नुसतं कुंकू लावलं होतं. मग कीबोर्डवर हळद आली कुठून? आणि उजव्या कोपऱ्यातलं ते ताजं पिवळं बटण कुठलं, तर डिलीट.

पण अडाणी बाई सात चिठ्ठ्या लिहिणार कशी? ती खोटं बोलत असेल तर ते काढायचं कसं? शपथ घालून उपयोग नाही, धमकी द्यायला कारभारीची जीभ वळणार नाही. त्याला एकच विद्या येत होती.

५

शनिवारी सकाळी सर दुधाला गेले. कारभारी कॉम्प्युटरपुढं बसला, पडदा भरून ठसठशीत अक्षरांत एक ओळ लिहिली आणि हाक मारली, "अक्का, जरा चहा आना की!"

कडूबाई कप घेऊन आली. तिची नजर पडद्यावर गेली.

पडद्यावर लिहिलं होतं: मागं पाल हाय.

"आगं आये!" कडूबाई टुणकन उडाली. कप-बशी फरशीवर, चहा कारभारीच्या पायावर, पदर झटकत बाई सोफ्यावर चढली. "कुठंय? कुठंय मेली?"

"कुटं बी न्हाई," भाजलेला पाय चोळत कारभारी म्हणाला. "पन अडानी मानसाला ती कशी काय दिसली, अक्का?"

कडूबाई सोफ्यावर तशीच उभी राहिली. मग हळूच खाली बसली. तिनं पदर तोंडाला लावला.

"वाइच शिवी द्यायची आसंल तर द्या," कारभारी म्हणाला. "चिठ्ठ्या तुमी लिवल्या. रविराज तारखा दाखवनार म्हनून तुमीच पुसल्या. बटनावर तुमची हळद हाय. का लिवल्या, तेवढं सांगा."

कडूबाई वाकून फरशीवरचे बशीचे तुकडे वेचू लागली.

"बाईंनी शिकवलं," ती म्हणाली. "सर दुपारी झोपायचे तवा. हितंच, या बटनांवरून. पाटी-पेन्शील नगं म्हनाल्या, सर बघत्याल. दिवाळीला त्यांना तू लिवलेली चिठ्ठी दावू, गंमत करू म्हनाल्या. अन् दिवाळीच्या तोंडावर सवता गेल्या."

"मग?"

"तेराव्यानंतर सर जेवंनात. म्या तोंडानं सांगितलं, तर व्हय म्हनायचे अन् ताट तसंच. बाईंच्या चार चिठ्ठ्या मातर रोज वाचायचे. म्हनलं माझं ऐकत न्हाईत, तिचं तरी ऐकत्याल. म्हनून बाईंच्या शेजारी 'जेवलात का' म्हनून एक चिकटवली. जेवले की वो!" तिनं डोळे पुसले. "सोमवारी त्यो पोरगा म्हनला तारखा दिसनार. माझ्या सातच काढायच्या हुत्या. पन नव्यात समदं हिकडचं तिकडं झालेलं, सर यायची येळ झालेली, अन् बाईंच्या बी गेल्या. जिनं मला अक्षर दिलं तिचंच म्या पुसलं. भाऊ, सरांना सांगू नका. मेलेल्या बायकोच्या नावानं लबाडी केली म्हनत्याल. उंबऱ्यात उभं करनार न्हाईत."

"मी न्हाई सांगनार," कारभारी म्हणाला. बाहेर फाटक वाजलं. त्यानं पटकन पडद्यावरची पाल पुसली.

६

रविवारी शौनक आला. दारात गाडी, हॉलमध्ये सरांची बांधलेली बॅग. कारभारीनं डिस्क लावली, आणि अकरा पिवळे चौकोन एकेक करून पडद्यावर परत आले. यादी त्यानं उघडलीच नाही, तारखा झाकूनच ठेवल्या.

"रविराजच्या कॉपीत हुत्या, सर. चुकून पुसल्या गेल्त्या. कुनाचा दोष न्हाई."

सर चष्मा लावून पुढं वाकले. चार चिठ्ठ्यांवरून त्यांनी बोट फिरवलं. बिल, गच्ची, शौनक, मोटर. मग खुर्चीत मागं टेकले.

"या चार तिच्या. बाकीच्या सात नाहीत, हे मला पहिल्यापासून माहीत आहे."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"चाळीस वर्षांत निवेदितानं मला एकदाही 'जेवलात का' विचारलं नाही. ती म्हणायची, भूक लागली की माणूस जेवतो. आणि माझा गुडघा तिनं पाहिलेलाच नाही. गणिताचा मास्तर आहे मी, एवढी वजाबाकी येते." सर मुलाकडं वळले. आवाज एकदम मऊ झाला. "शौनक, तू लिहायचास ना रे, तिकडून? आकडा न विचारता आत शिरायची काहीतरी युक्ती काढली असशील, म्हटलं. फोनवर तुला बोलता येत नाही, माहीत आहे मला. म्हणून मी कधी विचारलं नाही. चिठ्ठ्या गेल्या तेव्हा वाटलं, तू कंटाळलास. म्हणून यायला तयार झालो."

शौनक चिठ्ठ्या वाचत होता. मीठ. कढी. तेल. दिवा. त्याची मान खाली गेली. एकदा हो म्हणायचं, की सगळं मिटलं असतं. बापाला मुलगा मिळाला असता, बाईची नोकरी वाचली असती. त्यानं तोंड उघडलंसुद्धा.

"मिठाची माझी हाय."

सगळे वळले. कडूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"कढीची बी. साती माझ्याच हायेत. दादांनी कशाला आळ घ्यावा? मीच लिवल्या, मीच पुसल्या."

सरांनी चष्मा काढला. पुसला. परत लावला.

"तुम्हाला वाचता येतं?"

"बाईंनी शिकवलं. तुमी दुपारी झोपायचे तवा."

"म्हणजे माझ्या घरात शाळा भरत होती, आणि मी घोरत होतो?"

कुणी हसलं नाही. कारभारीला हसू येत होतं, पण त्यानं पायाच्या भाजल्या जागेवर दुसरा पाय ठेवून ते दाबलं. सर कॉम्प्युटरकडं वळले आणि दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत टाइप करू लागले. खूप वेळ लागला. मग ते खुर्ची सरकवून बाजूला झाले.

"वाचा."

कडूबाई पुढं आली. पडद्यावर बारावा पिवळा चौकोन होता. ती बोट ठेवून, अडखळत वाचू लागली.

"मीठ... वरून... घेणारच. तुम्ही... भाजीत... कमी घालता."

"मोठ्यानं वाचलंत, छान," सर म्हणाले. आवाज फुटला होता, पण मास्तरकी सुटली नव्हती. "कुठवर आला होता धडा?"

"जोडाक्षरापातूर."

"उद्या दुपारी तीन वाजता बसा. मी झोपणार नाही."

शौनकनं सरांच्या बॅगेशेजारची आपली बॅग उचलली. गाडीकडं नाही, आतल्या खोलीकडं नेली. कडी काढली, धुळीनं शिंकला. "बाबा," आतूनच म्हणाला, "दिवाळी करूनच जाईन मी. चालेल?"

कडूबाईनं ते ऐकून तांदळाचं एक मापटं जास्त घेतलं. कारभारीला जेव म्हणून कुणी म्हटलं नाही. त्या गडबडीत सुचलंच नसेल. तो स्कूटर काढून गाळ्यावर आला. शेवचिवडा खाल्ला.

७

वसुबारसेच्या सकाळी कारभारी गाळा उघडायला आला तर शटरवर कागद चिकटवलेला. वीजबिलाची मागची बाजू. कोपऱ्यात पिवळ्या बोटाचा ठसा, आणि पेनानं दाबून, वाकड्यातिकड्या अक्षरात एकच ओळ लिहिलेली.

मागं पाल हाय.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. कारभारी गर्जे, वय वर्षे पन्नास, सावेडीतला नंबर एकचा खोडकर. त्यानं मागं वळून बघितलं.

मागं, पायरीच्या एका कडेला, झाकण घातलेला डबा ठेवला होता. अजून गरम.